सोबत कोण?

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले वाल परातीत घेऊन ओटीवर बसलो होतो. माझ्या हातून दाणे मोडत होते. ती म्हणाली, "अवो, सोलताय का चिरडताय? बिरडं करायचंय, पिठलं नाय." मी म्हटलं, "मग तूच कर सगळं." "करतेच हाय की जल्मभर," म्हणाली. दुपारी बिरडं-भात जेवलो. ती जरा आडवी झाली ती उठलीच नाही. हार्ट, असं डॉक्टरने सांगितलं.

तेरावं झालं, लेक कामोठ्याला आपल्या घरी गेली आणि मी एकटा उरलो. मग एका सकाळी चहा पिऊन बाहेर निघालो, चप्पल घालतोय तर आतून आवाज आला. "अवो, गॅस बंद केला का?" तिचाच. आत गेलो. गॅस बंद. घरात कोणी नाही.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आठवण येते. मला तसं म्हणता येईना, कारण तो आजार मी घरात बघितलेला आहे. आमच्या हिला तरुणपणी असंच सुरू झालं होतं. आधी नळातून कोणी नुसती हाक मारायचं. मग शिव्या. मग शेजारीण जेवणात विष घालते, असं ते सांगायला लागलं. भगत झाला, अंगारे झाले, कोंबडी झाली. शेवटी एक दिवस ती कोयता घेऊन दाराआड उभी राहिली आणि मी, तिचा नवरा, अंगणात. आत जायची माझी छाती नव्हती.

त्या दिवशी डॉक्टरबाई आल्या, पनवेलच्या मनाच्या आजारांच्या केंद्रातून. कोणी कळवलं देव जाणे. सरळ जाऊन उंबऱ्यावर बसल्या, हिच्याकडे पाठ करून. मी ओरडलो, "बाई, कोयता हाय तिच्या हातात!" त्या म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा." आणि हिला विचारलं, "काय म्हणतात गं ते?" आवाज येतो का, असं नाही. काय म्हणतात. तोवर आम्ही कोणी हे विचारलंच नव्हतं. बऱ्याच वेळाने ही बोलायला लागली, आणि बोलता बोलता कोयता खाली ठेवला.

मग गोळ्या सुरू झाल्या, केंद्राच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे खिडकीवर पहिला सवाल, "सोबत कोण?" बाई एकट्या माणसाला आत घेत नसत. त्यांचं म्हणणं, औषध मी देईन, पण घरी बघायला माणूस हवा. दारू सोडायला आलेले आणि आमच्यासारखे, सगळे एकाच बाकावर. कोन गावाकडच्या वीटभट्टीवरचा कोणी एकटाच थरथरत आला, की बाई बाकावरच्या कोणाला तरी सांगायच्या, "आज तुम्ही याचे." मी असा कितीजणांचा झालो. एक तर माझ्या पायावरच ओकला होता. तो आता भाजीचा टेम्पो चालवतो. रस्त्यात दिसला की हॉर्न मारतो.

त्या बाई रिटायर होणार, सत्काराला या, असं बोलावणं आलं आणि मला धडकीच भरली. आवाज रोज येत होता, आणि बाई गेल्यावर सांगायचं तरी कोणाला? लेकीला काही बोललो नव्हतो. तिने आईचं सगळं लहानपणी बघितलंय. आता बापाचंही तेच म्हटल्यावर ती मला नातवंडांजवळ बसू देईल का? आणि त्याहून वाईट, स्वतःकडेच भिऊन बघायला लागली तर?

हॉल गच्च भरलेला. भाषणं झाली, हार झाले. करंजा बंदरावरचा एक कोळी, बाईंनीच त्याची दारू सोडवलेली, सुक्या बोंबलांची जुडी घेऊन स्टेजवर चढला आणि ती त्यांच्या नव्या शालीवरच ठेवली. बाई म्हणाल्या, "आता ही शाल मांजरच पांघरणार." सगळा हॉल हसला. मला हसू येईना. हातातला नारळ घामाने निसटत होता.

माझा नंबर आला. नारळ देताना वाकलो आणि हळूच म्हटलं, "बाई, मला पण ऐकू येते ती."

त्यांनी माझा हात सोडला नाही. "काय म्हणते?"

"गॅस बंद केला का विचारते."

"वाईट काही करायला सांगते? स्वतःला, दुसऱ्या कोणाला?"

"नाय. हुकूम सोडते. पण ते जित्तेपणी पण सोडायचीच."

बाई हसल्या नाहीत. "माणूस गेल्यावर असं पुष्कळांना होतं. पण नारळ हातात धरून ते ठरवायचं नसतं. उद्या सकाळी नवीन डॉक्टर बसतात. जा."

"तुमीच चला ना सोबत."

"उद्यापासून मी नाही. लेकीला घेऊन जा."

"ती घाबरेल, बाई."

"अंगणात उभे होतात तेव्हा तुम्ही घाबरला नव्हतात? नंतर आलातच ना आत?"

मागची रांग ढकलायला लागली. मी खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला. चप्पल घालताना आवाज आला. आत जाऊन बघितलं, गॅस बंद होता. रिक्षा केली, कामोठ्याला गेलो. जिना चढलो. लेकीने दार उघडलं, हातात पोरांचा डबा. "बाबा? एवढ्या सकाळी? काय झालं?"

मी म्हटलं, "केंद्रात जायचंय. माझ्यासोबत चल. पेशंट मी हाय."