वसुधाचा शेंडीचा नारळ

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे इंग्लंडात, रीडिंग स्टेशनवर ट्रेनची वाट पाहत होते. तिचे यजमान, दिलीपराव, एवढंच म्हणाले, "ताई, वसू गेली." ट्रेन आली आणि गेली, मी बाकावरच बसून राहिले. रडूसुद्धा आलं नाही... तिच्या आजारपणात आम्ही सगळेच इतके थकून गेलो होतो.

मध्यंतरी केमो संपली, तिला जरा बरं वाटू लागलं. तेव्हा तिने मनाशी धरलं, आपल्या पायांनी चालत जाऊन एका नदीची ओटी भरायची. "अगं, थेम्स आहे की दाराशी," मी म्हटलं. "थेम्सवर तुम्ही मला व्हीलचेअरमधून नेलंय. ती नको." हट्टी बाई! मग या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी स्पेनच्या मयोर्का बेटावर गेलो. चुनखडीचे डोंगर चिरत नदी थेट समुद्राला मिळते, ती घळ तिने फोटोत पाहिली होती. नारळ शेंडीचाच हवा म्हणून तिने मला स्लाऊच्या भारतीय दुकानापर्यंत पिटाळलं. एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्याने तो बॅगेतून काढून उलटसुलट केला. "इट्स फॉर अ रिव्हर, डिअर," वसुधाने त्याला समजावलं. त्याने मुकाट्याने परत दिला.

घळीत पोहोचलो तर दोन्हीकडे पांढुरके कडे आणि मध्ये नुसते गोटे... पाण्याचा टिपूस नाही. ही नदी पावसानंतरच वाहते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. नदी म्हटली की पाणी असणारच, असं धरून आम्ही खण-नारळ घेऊन निघालो होतो! पलीकडे समुद्रात लोक डुंबत होते. मला उन्हात उभं राहवेना. "समुद्राला दे आणि चल," मी म्हटलं.

"समुद्राची कुणी ओटी भरतं का? त्याला नुसता नारळ. पाणी आलं की येऊ परत." नारळ पिशवीत टाकून ती सावकाश चालत माघारी निघाली. तिला दम लागला होता, पण माझा हात काही तिने धरला नाही. पुढच्याच महिन्यात दुखणं उलटलं.

परवा दिलीपरावांकडे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत खणावर तो नारळ तसाच होता. "थेम्समध्ये सोडू का?" त्यांनी विचारलं. मी विचार न करताच नको म्हटलं आणि तो घरी घेऊन आले. खरं तर मला आता कुठेच जावंसं वाटत नाही, गुडघेही कुरकुरतात. पण तिकडे पाऊस सुरू झालाय, तिकीट काढलंय. सकाळी चहा ठेवताना नारळ कानाशी धरून हलवते. आतलं पाणी अजून वाजतं.