आटपाडीला नेलेला शॉर्टकट

मी आटपाडीच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. शाळेला कुणीतरी कॉम्प्युटर भेट दिला होता. तो चालवायला एकाने तरी शिकावं, म्हणून हेडमास्तरांनी मला मे महिन्यात सांगलीला क्लास लावायला लावला. माझं माहेर सांगलीचं, हे त्यांच्या बरोबर लक्षात होतं.

क्लासच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात शॉर्टकट शिकवला. रोज लागणारा प्रोग्रॅम मेनूत शोधत बसायचं नाही. त्याचं छोटं चित्र पडद्यावर आणून ठेवायचं आणि त्यावर माउसने दोनदा टिचकी मारायची. मला हे भलतंच आवडलं. मी मराठी टायपिंगचा शॉर्टकट केला, मग आणखी दोन प्रोग्रॅमचे केले.

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम शाळेसाठी घेऊन जा." मी ते चित्र फ्लॉपीवर उतरवलं. एवढा मोठा प्रोग्रॅम क्षणात मावला, याचं मला कौतुक वाटलं. जागा उरली होती, म्हणून बाकीचे दोनही घेतले.

"घेतला ना?" सरांनी विचारलं.

"घेतला."

फ्लॉपीला ऊन लागू देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून ती साडीच्या घडीत ठेवून, पिशवी पोटाशी धरून मी एसटीत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पिल्लं हायत का कोंबडीची?"

जूनमध्ये शाळा उघडली, त्या दिवशी सगळा स्टाफ जमला होता. शिपाईमामांनी नारळ फोडला. मी फ्लॉपी घातली, चित्रावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर एक छोटी चौकट आली आणि तिच्यात एक बॅटरी इकडून तिकडे उजेड पाडत फिरू लागली.

"काय करतोय तो?" हेडमास्तरांनी विचारलं.

"प्रोग्रॅम शोधतोय."

"तुम्ही आणलाय ना?"

"आणलाय, सर."

बॅटरी फिरतच राहिली. शेवटी शिपाईमामा हळूच म्हणाले, "आवं बाई, लाईट लावू का? बॅटरीच्या उजेडात त्याला कवा गावायचं?"

मी एसटीडी बूथवरून सांगलीला फोन लावला. सर म्हणाले, "बाई, तुम्ही नुसतं चित्र नेलंत. प्रोग्रॅम इथंच आहे."

परत येऊन हे सगळ्यांसमोर सांगताना माझे कान तापले. हेडमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग खोबरं तरी वाटून टाका."

पुढच्या रविवारी जाऊन मी सहा फ्लॉप्या आणल्या. एकेक घालून प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चढवला; चौथी दोनदा अडली, तिसऱ्यांदा चालली. यावेळी शॉर्टकट शाळेच्या कॉम्प्युटरवरच केला आणि हेडमास्तरांना टिचकी मारायला दिली. प्रोग्रॅम उघडला. त्यांनी पाऊण तास खपून 'सूचना' हा एक शब्द टाइप केला. प्रोग्रॅम बंद कसा करायचा, हे मी सांगायचं विसरले होते. मी आठवीचा तास संपवून आले, तर ते तसेच समोर बसून होते.