निळ्या ड्रममधला कळक

वालचंदनगरचं क्वार्टर सोडताना टेंपोत कपाटाच्या आधी कळक चढला. हट्ट माझा. आमच्या ह्यांनी तो न्हाणीच्या सांडपाण्यावर लावला होता, आणि हे गेले तेव्हा तिरडीचे दोन बांबू त्याच कळकाच्या बेटातून तोडले. त्या दिवसापासून सगळ्यांच्या लेखी ते बेट अशुभ झालं. मला काही ते पटलं नाही. ज्यानं लावलं त्याला शेवटी न्यायला तेच आलं, यात अशुभ काय? उलट काही नातेवाइकांपेक्षा वेळेवर आलं.

बेटाचा कुदळीनं फोडून आणलेला गड्डा मी दोन अर्ध्या निळ्या ड्रममध्ये वाटून लावला आणि जळोचीच्या भाड्याच्या घरापुढं ठेवला. आठ दिवसांत पानांच्या सुरळ्या झाल्या. धाकटे दीर ऊसवाले. त्यांनी ते पाहिलं आणि मला न विचारता दोन्हीकडं बादली बादली पाणी आणि मूठ मूठ युरिया घालून मोकळे झाले. ऊस पिवळा पडला की पाणी आणि युरिया. त्यांना ताप आला तरी बहुधा हेच घेत असतील. ड्रमला भोकं मी दोनच पाडली होती, ती चूक माझी. पाणी तुंबलं, मुळं आधीच तुटलेली, त्यात खताचा जाळ. चार दिवसांत एका ड्रममधला कळक बुडापर्यंत काळा पडला.

रडले. मग उठले. उरलेला ड्रम आडवा केला, सळई तापवून बुडाला आणखी भोकं पाडली आणि भरपूर साधं पाणी ओतून खत धुऊन काढलं. तुटक्या मुळांना वरचा भार नको म्हणून उंच काठ्या कमरेएवढ्या छाटल्या. वर जुन्या साडीची सावली केली. मातीत बोट घालून कोरडं लागलं तरच पाणी, पानांवर सकाळ-संध्याकाळ नुसता शिंतोडा. दिरांकडून फक्त उसाचं पाचट मागितलं, मातीवर अंथरायला. ते त्यांनी पोतं भरून आणलं.

घरमालकीणबाई म्हणाल्या, तिरडीचं लाकूड दारात नको. मी म्हटलं, मग तुमची बांबूची सुपं, टोपल्या आणि शिडी आधी बाहेर काढा.

पुढं उरलीसुरली पानंही गळाली. दोन महिने नुसत्या काठ्या. येणारा-जाणारा सांगायचा, वाळलंय, चुलीत घाला. मी नखानं साल खरवडून पाहायची. आत हिरवं असायचं आणि तेवढं मला पुरायचं.

आषाढात एका सकाळी पाचट मधोमध उचललेलं दिसलं. खाली अंगठ्याएवढा कोंब होता. मी दिरांना बोलावून घेतलं. ते ड्रमपाशी उकिडवे बसले.

"वैनी, आलं की वो. आता घालू का मूठभर?"

"न्हाय. हात लावायचा न्हाय, भाऊजी. मी जाईन तवा तोडा. माझ्या तिरडीला ह्यातलंच दोन बांबू पायजेत."

त्यांनी हात मागं घेतला. कोंबाची जाडी नजरेनं मोजली.

"ड्रमात हाय, वैनी. तेवढं जाड बांबू निघायला लई वर्सं लागत्याल."

"लागू द्या," मी म्हटलं. "मला कुठं घाई हाय?"