गार बोटातला आकडा

आमच्या ह्यांना शुगर होती, पण सुईची भीती वाटायची, म्हणून इन्सुलिन मीच द्यायची. सुई दिली की लगेच जेवायचं, हे त्यांनाही पाठ होतं.

त्या दिवशी सुई दिली, ताट वाढलं आणि गल्लीत ओरडा झाला, पाणी आलं! आमच्याकडं नळ कितीतरी दिवसांनी येतो.

"आधी जेवा," मी म्हणाले.

"पाणी थांबतंय व्हय माझ्यासाठी? भरतो अन् जेवतो. तू जाय, न्हाईतर तुझी मेसवाली बोंबलंल."

मी मेसवर पोळ्या लाटायला गेले. दुपारी आले तर सगळे ड्रम काठोकाठ भरलेले. ताट झाकलेलं तसंच. हे ओल्या पायांनी खाटेवर पडलेले, अंग गार. काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्या बोटाला टोचलं, दाबून थेंब काढला आणि शुगरच्या मशीनला लावला. अडतीस. सत्तरच्या खाली धोका, हे मला ठाऊक होतं. मशीन पदराखाली लपवलं, मग शेजाऱ्यांना हाक मारली.

घरीच गेले म्हणून पोलीस आले, सरकारी दवाखान्यात चिरफाड झाली. आजार विचारला तेव्हा मी "शुगर" एवढंच बोलले.

काही आठवड्यांनी जाऊबाईंबरोबर चिरफाडीचे कागद आणायला गेले. त्या बाहेर बसल्या. आत डॉक्टरांनी कागद पुढं केले. मी त्यांना अडतीसचं सांगितलं.

"गार पडल्यावर घेतलं ना? मग त्या आकड्यावर जाऊ नका, ताई. माणूस गेला तरी रक्तातल्या पेशी काही वेळ साखर खात राहतात. मेल्यावर ती कमीच होत जाते. म्हणून आम्ही डोळ्याच्या आतलं पाणी काढून तपासतो. साखर फार वाढून गेले असते, तर तिथं कळलं असतं. तसं नाही."

"अन् कमी होऊन?"

"कमी दिसली तरी ती आधी कमी झाली की नंतर, हे सांगता येत नाही."

"मी सुई दिली होती, साहेब. जेवले नव्हते."

त्यांनी कागद पुन्हा उलटून पाहिले. "त्यांचं हृदयही वाढलेलं होतं. त्यानंही जाऊ शकतात. खरं सांगू? मला माहीत नाही."

मी त्यांच्याकडं 'तुमची चूक नाही' ऐकायला गेले होते. 'तुमचीच चूक' म्हणाले असते, तरी घेतलं असतं.

बाहेर जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "काय म्हणले गं?"

"हार्ट."

"मंग तरास झाला नसंल बिचाऱ्याला," म्हणून त्या रडायला लागल्या.

मी मान हलवली. त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. हे खोटं होतं का, तेही मला कळणार नाही.