शंभरातून सात गेले

"शंभरातून सात गेले, किती राहिले?" सकाळी कॉफीच्या मशीनपाशी भेटली की ताई आधी हे विचारायची. त्र्याण्णव म्हटलं की, "त्यातून सात?" तुम्ही नीट उतरत गेलात की, "गेनाऊ, अगदी बरोबर. आता कॉफी घ्या."

ती नागपूरची डॉक्टर. कार्ल्सरूहेजवळच्या आमच्या धावपट्टीवर लांब पंखांचं एक प्रायोगिक विमान होतं, अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाणारं. मी त्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचो, ती वैमानिकाचा श्वास. तेवढ्या उंचीवर प्राणवायू कमी पडला तर माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, उलट मजा वाटते, असं ती सांगायची. "हसत हसत मरणारा माणूस मला नको."

आमचा वैमानिक अगदी अबोल जर्मन. एकदा तो ठरलेल्या उंचीच्या जवळ पोचला होता. प्रकल्प चालू ठेवायचा की नाही हे ठरवणारे पाहुणे आमच्या मागेच बसले होते. आणि रेडिओवर हा गडी चक्क ढगांवर विनोद करू लागला. सगळे हसले. ताई उठली, माइक ओढला आणि त्याला तेच गणित विचारलं.

त्र्याण्णव आलं. पुढचं उत्तरही त्र्याण्णवच, खुदखुदत.

"राखीव नळी उघड आणि खाली ये. आत्ता."

प्रमुख म्हणाले, पडद्यावरचे आकडे ठीक आहेत, जरा थांबू. तिनं ऐकलं नाही. खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी ती त्याला नावानं हाका मारत राहिली, तो खाली येईपर्यंत.

प्राणवायूच्या मुख्य नळीच्या जोडात बर्फ धरला होता. उंचीचा विक्रम हुकला, पाहुणे तोंड पाडून गेले. दुसऱ्या दिवशी वैमानिकानं स्वतः भाजलेला प्लमचा केक तिच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

वसंतात आणखी एक संधी मिळाली, तेव्हा मागच्या सीटवर हीच हवी म्हणून तो अडून बसला. ताई गेली. वर पोचल्यावर आम्ही विचारलं, काय दिसतंय? एरवी रेडिओवर कडक जर्मन बोलणारी ताई मराठीत म्हणाली, "अरे, भरदुपारी आभाळ काळं आहे रे. मला रडू येतंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणतेय.

आता ती पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, तसल्याच विमानांच्या मागे गेली आहे. पण मला दिसते ती त्या दुपारची: गवतावर बसलेली, जाडजूड सूट अंगात तसाच, केस चप्प बसलेले. शेजारी वैमानिक. दोघं एकाच डब्यातून पोळी-भाजी खाताहेत, आणि तो अबोल माणूस सारखा बोलतोय.