शेजारच्या टीचर आणि त्यांची गोलकीपर

अख्ख्या कतारमध्ये फुटबॉलवर आमच्या शेजारच्या टीचरांइतका जीव टाकणारं माणूस नाही, आणि असलंच तर त्याचा आवाज एवढा मोठा नाही. वसईच्या कॉलेजात मुलींची पहिली फुटबॉल टीम त्यांनी उभी केली, तीही पोरी कमरेला ओढणी बांधून खेळायच्या त्या काळात. गुडघे गेले, कोचिंग सुटलं, आणि त्या खेळांवर लिहू लागल्या. आता इथल्या अल अझीझिया वस्तीत आमच्याच मजल्यावर लेकीकडे राहून एका वेबसाइटसाठी सामन्यांच्या बातम्या देतात. पत्रकारानं तटस्थ राहावं हे त्यांना पटतं, फक्त शिटी वाजली की ते आठवत नाही. एकदा प्रेस बॉक्समधून त्या मराठीत ओरडल्या, "डावीकडे बघ, बाळा, डावीकडे!" आणि खालचा कतारी डिफेंडर खरोखरच डावीकडे वळला. शेजारच्या अरब पत्रकारानं हात जोडले, "खलास, मॅडम, खलास!" म्हणजे पुरे आता. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी माझ्या बायकोला ऑफसाइड समजावलाय, तिच्याच पिशवीतले कांदे-बटाटे मांडून.

गेल्या महिन्यात मात्र त्या गप्प झाल्या. अल थुमामाच्या मैदानावर सरावाला आलेल्या एका पाहुण्या टीमची कोच त्यांचीच जुनी गोलकीपर निघाली. कॉलेजच्या फायनलला ती उशिरा आली म्हणून टीचरांनी तिला बाकावर बसवलं होतं. आईला दवाखान्यात भरती करून ती धावत आली होती, हे त्यांना नंतर कळलं. तोवर तिनं टीम सोडली होती. आता ऑफिसनं तिचीच मुलाखत घ्यायला सांगितलं.

"दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणू का रे?"

"मी गाडी काढतो, टीचर. चला."

मैदानावर त्यांनी प्रश्नांचा कागद उघडला, मिटला. "त्या दिवशी मी तुला काही विचारलंच नाही. चुकलं माझं."

कोचनं हातातला बॉल खाली ठेवला. "फार राग होता, टीचर. कित्येक वर्षं." मग तिनं गळ्यातली शिटी काढून टीचरांच्या हातात दिली. "माझी गोलकीपर पुढे यायला घाबरते. बघा जरा."

मग काय विचारता! दुखरे गुडघे विसरून टीचर गोलपोस्टशी पोचल्या. "यल्ला, पुढे ये! अजून पुढे!" मराठी, हिंदी, अरबी, सगळं एकत्र. पोरी हसताहेत, धावताहेत, कोच टाळ्या पिटतेय, आणि बाहेर मीही ओरडतोय.

मुलाखत राहिलीच. परतताना गाडीत त्यांनी प्रश्नांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"पोरीचे केस पिकले रे," म्हणाल्या.