एकसष्टातली चोपन्न

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचे ठरले, तेव्हा तिसऱ्या शाखेची माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी सातपूरच्या एका कारखान्यात भांडार विभागात होतो, नोंदी नीट ठेवतो असा माझा लौकिक होता, आणि मुख्य म्हणजे घरात संगणक होता. ही गोष्ट २००२ ची.

मुलग्यांची नावे मिळायला त्रास पडला नाही. पंचवटीत आमच्या उपाध्यायांकडे जुन्या वह्या आहेत. कोण कधी आला, त्याचा बाप, आजा, भाऊ, मुलगे, सगळे त्यात सहीनिशी आहे. दोन रविवार बसून मी ते उतरवून आणले. मुली मात्र त्यात नव्हत्या. लग्न होऊन गेल्यावर त्यांची नोंद दुसऱ्या कुणाच्या वहीत आणि दुसऱ्याच नावाने होणार. कुलवृत्तांताच्या समितीने या खेपेला माहेरवाशिणीही घ्यायचे ठरवले होते. माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव. आमच्या शाखेतल्या चार पिढ्यांच्या मुली ठाऊक असलेले एकच माणूस उरले होते, ते म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. आत्या इंदूरला मुलाकडे राहायची. वय एक्याऐंशी, डोके साफ, कान गेलेले. त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता.

तिची सून शाळेत शिक्षिका होती. दुपारी आत्या सांगायची, सून कागदाच्या चिठोऱ्यावर टिपून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या संगणकावरून मला मेल करायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एका मेलमध्ये कधी दोन नावे, कधी सात. सोबत आत्याचे शेरे असत. ही गोरी होती, हिचा नवरा रेल्वेत होता, ही बाळंतपणात गेली. सहा महिन्यांत एकोणीस मेल आले.

मी कारखान्यातल्या सवयीने आवक वही ठेवली होती. अनुक्रमांक, तारीख, कुणाकडून, नवी नावे किती. एकोणीस मेलांची बेरीज एकसष्ट झाली. नावे मात्र मी वहीत उतरवली नाहीत. आत्या पुढच्या मेलमध्ये मागचे दुरुस्त करायची, तेव्हा शाखा पूर्ण झाल्यावर एकदाच स्वच्छ प्रत काढावी असा माझा नियम होता. नियम चांगला होता असे मला अजूनही वाटते, एवढेच की तो पाळायला नको होता.

पुढच्या उन्हाळ्यात समितीने जुने फोटो घेण्यासाठी स्कॅनर आणला. तो आमच्या जुन्या विंडोजवर चालेना. कॉलेज रोडवरचे एक संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ होते, पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. ते म्हणाले, डिस्क पुसून नवी विंडोज टाकू, मशीनही जरा पळेल.

"तुमचं जे काही असेल ते काढून घेतलंत ना, साहेब?"

"घेतलं. दोन सीडींवर. मोजूनसुद्धा पाहिलं. इकडे चारशे बारा फाइली, तिकडे चारशे बारा."

ते हसले. "मोजणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं."

मी मोजले होते ते माझ्या कागदपत्रांच्या फोल्डरमधले. मेल त्या फोल्डरमध्ये नसतात, कुठेतरी आत, नेहमी न दिसणाऱ्या जागी वेगळे साठवलेले असतात, हे मला माहीत नव्हते. माझी समजूत अशी की मेल मेलच्या प्रोग्राममध्ये असतात, आणि तो प्रोग्राम नव्या विंडोजबरोबर येणारच आहे. तो आलाही. तेच चिन्ह, तीच जागा. मी त्याकडे नऊ दिवस पाहिले नाही, कारण फोटोंची घाई होती. दहाव्या दिवशी उघडला. आत एकच मेल होता, प्रोग्रामने स्वतःच मला केलेला. स्वागत असो.

मी प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला. मशीन बंद करून सुरू केले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं हो? किती वेळ तेच तेच करताय?"

"मेल गेले."

"कुठे गेले?"

मी दोन्ही सीडी पुन्हा घालून पाहिल्या, त्यांत मेल नव्हते. "तुम्ही तर मोजले होते," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिला खरेच कळत नव्हते. त्यामुळे जास्त लागला.

सर्व्हरवर प्रत नव्हती. पेटी लहान होती, भरली की नवे मेल परत जात, म्हणून उतरवून घेतले की तिकडचे पुसायचे अशी सोय मीच करून ठेवली होती. इंदूरला सुनेला फोन केला. तिच्या फुकटच्या मेलमध्ये पाठवलेल्याची प्रत आपोआप राहत नसे. चिठोरे तिने टाकून दिले होते.

"भाऊजी, मी म्हटलं तुमच्याकडे आहे म्हणजे जपून असणार," ती म्हणाली.

ते गृहस्थ पुन्हा आले. डिस्क काढून दुकानात नेली, पुसलेले शोधणारा एक प्रोग्राम लावला. मी अर्धा दिवस रजा काढून स्टुलावर बसून होतो. पडद्यावर टक्के सरकत होते, मधूनच अक्षरांच्या रांगा येत, त्यांत काही वाचता येण्यासारखे नसे. करण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. टक्के वहीत लिहावेत असे एकदा मनात आले, पण लिहिले नाहीत.

"नवी विंडोज टाकल्यावर यावर काय काय चढवलंत?" त्यांनी विचारले.

"फोटो. दोनशे अठरा."

"अरेरे. साहेब, पुसलेलं लगेच जात नाही. जागा रिकामी समजून त्याच्यावर दुसरं काही बसलं की जातं. मशीनला हात लावला नसतात तर बरंच निघालं असतं."

संध्याकाळपर्यंत एकोणीसपैकी चार मेल धड निघाले. नावे सतरा. बाकीच्यांचे चौकोन आणि प्रश्नचिन्हे.

तेव्हा मी इंदूरला गेलो. आत्या पलंगावर बसून होती. सुनेने तिच्या कानाशी ओरडून सांगितले.

"अरे, सगळं सांगितलं होतं ना तुला? त्या तुझ्या यंत्रात गेलं म्हणालास."

"गेलं होतं, आत्या. यंत्र धुऊन घेतलं."

"कपाट धुताना आतलं सामान काढतात, एवढं शिकवलं नाही का तुझ्या आईने?" आणि मग सुनेकडे पाहून, "याचा बाप असाच. स्वतःच्या मुंजीत भिक्षावळीतले लाडू मोजत बसला होता. मोजून होईस्तोवर आम्ही खाल्ले."

तिने पुन्हा सांगायला घेतले. दीड दिवस मी लिहीत होतो, या वेळी शाईने आणि दोन प्रतींत. झाल्यावर मोजले. एक्कावन्न.

"आत्या, दहा कमी आहेत."

"कसले कमी? संपल्या. एवढ्याच होत्या."

मी तिला परत मिळालेल्या चार मेलांच्या छापील प्रती वाचून दाखवल्या. त्यातल्या सतरा नावांपैकी चौदा तिने आताही सांगितली होती, तीन सांगितली नव्हती. ती तीन तिने मला पुन्हा वाचायला लावली. "हो, ह्या होत्या की," म्हणाली. "कशी विसरले?" मग तिने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ ओठ हलवत राहिली. नवे एकही नाव आले नाही. मला वाटले, प्रती दाखवायला नको होत्या.

एक्कावन्न आणि तीन, चोपन्न. एकसष्टातून वजा जाता सात. हे सात म्हणजेही किमान सात, कारण दुसऱ्या वेळची काही नावे पहिल्या वेळी नसतीलही. हे मी तिला सांगितले नाही. सात मुली कोणत्या तारखांच्या मेलांत असाव्यात याचा अंदाज मी वहीवरून बांधत होतो. संख्या होती, तारीख होती, नाव नव्हते.

समितीचे अध्यक्ष माझे चुलतभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. मी म्हणालो, आमच्या शाखेखाली टीप टाकू, सात माहेरवाशिणींची नावे माझ्या चुकीने हरवली.

"कुलवृत्तांत आहे का कबुलीजबाब? सात कोण ते सांग, आत्ता छापतो."

"तेच तर माहीत नाही."

"मग सात कशावरून?"

मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली, बरोबर आहे म्हणाले आणि टीप अशी घातली: या शाखेतील काही नावे उपलब्ध होऊ शकली नाहीत. 'काही' या शब्दावर मी दोन बैठका भांडलो. पुस्तक तसेच छापले गेले. ते आले त्याच थंडीत आत्या गेली.

त्यानंतर वर्षभराने दुपारी घरी फोन आला. नांदगावहून एक बाई बोलत होत्या, आवाजावरून साठीच्या पुढच्या. त्यांची आई आमच्या घराण्यातली, आत्याच्या बरोबरीची. दोघी लहानपणी एकाच अंगणात खेळलेल्या. आई आता अंथरुणाला खिळली होती. कुणीतरी पुस्तक आणून दिले, त्यात आमच्या शाखेखाली माहिती आत्याची, संकलन माझे असे छापले होते. तिने मुलीकडून सगळी शाखा वाचून घेतली आणि स्वतःचे नाव कुठे आहे म्हणून विचारले.

"दुरुस्तीसाठी फोन नाही केला हो," बाई म्हणाल्या. "आई सारखी विचारते, तिने माझं नाव सांगितलंच नाही का? तेवढं फक्त कळलं असतं तर."

आवक वही समोरच्या कप्प्यात होती. तीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आत्याने सांगितले असेल, किंवा दोन्ही वेळा विसरली असेल.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "सगळ्यात आधी तुमच्या आईचंच सांगितलं होतं. माझ्याकडून हरवलं."

पलीकडे त्यांनी रिसीव्हर बाजूला धरून ते मोठ्याने आईला सांगितलेले मला ऐकू आले. मग मी नाव, सासरचे नाव आणि गाव विचारून घेतले, वहीत लिहिले. ते हरवलेल्या सातांतले म्हणून धरायचे की नवे, हे मला ठरवता आले नाही. सातचा आकडा मी तसाच राहू दिला.